रंगीत ग्लास कपाटात जाणार नाहीत

माझ्या स्वयंपाकघरातले ग्लास फॅशनमध्ये आलेत, हे मला एका रविवारी सकाळी पोह्यांवर कोथिंबीर घालताना कळलं. लेकीनं मोबाईल माझ्या नाकासमोर धरला. "आई, हे बघ! आपला ग्लास!"

बघते तर खरंच, अगदी आपल्यासारखाच. हिरव्या काचेचा, खाली निमुळता, अंगावर उभ्या रेघा. कुणीतरी तो पांढऱ्या कापडावर ठेवून, मागून उजेड सोडून फोटो काढला होता आणि खाली शेकडो लोकांनी लाल बदाम टाकले होते. लेक बोट सरकवत गेली तसे आणखी निघाले. निळे, मधाच्या रंगाचे, गुलाबी, धुरकट. सरबताचे जग, पुडिंगचे वाडगे, झाकणवाली साखरेची भांडी. दिल्लीतली चांगली शिकलीसवरलेली माणसं म्हणे सुट्टीच्या दिवशी भल्या पहाटे उठून जुन्या बाजारात जातात आणि असल्या ग्लासांसाठी एकमेकांना कोपरं मारतात. त्यांचा ग्रुपसुद्धा आहे. कुणी नवा 'पीस' दाखवला की बाकीचे हळहळतात.

"पीस?" मी म्हटलं. "आत्ता माझ्या पीसमध्ये इसबगोल भिजतंय, बाई."

खोटं कशाला बोलू, मला आधी मजाच वाटली. लग्नात आईनं मला हे ग्लास दिले तेव्हा सासरच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या होत्या. टपरी टाकणार आहे का सूनबाई, म्हणाल्या. आता त्याच ग्लासांना मागून दिवा लावतात! म्हटलं, घ्या, बघा आता.

पण लेकीच्या अंगात आलं. हे गेल्यावर मी नोएडात तिच्याकडेच राहायला आले, घरात आम्ही दोघीच. घर तिचं, हप्ते ती भरते, त्यामुळे मी फारशी ढवळाढवळ करत नाही. तिनं सुतार बोलावला, दिवाणखान्यात भिंतीला काचेच्या दारांचं कपाट करून घेतलं, आत पिवळे दिवे लावले आणि माझे सगळे ग्लास धुऊन, पुसून, रंगाप्रमाणे लावून आत बंद केले. चहासाठी पांढरे मग आणले, हॉटेलात असतात तसले. "आई, हे रोज वापरायचे नसतात गं. फुटले तर परत मिळणार नाहीत." मी कुरकुर केली, पण सोडून दिलं. पोर कौतुकानं करतेय म्हटलं, करू दे.

तिला बिचारीला काय माहीत होतं? मी कधी सांगितलंच नव्हतं. हे ग्लास आमच्या घरात हौसेपायी आले नव्हते, संतापापायी आले होते.

लहानपणी आम्ही दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो. बाबा केंद्र सरकारच्या कचेरीत कारकून. आमच्या ब्लॉकमध्ये बंगाली, तमिळ, पंजाबी, सगळे होते, पण मराठी घरं दोनच. एक आमचं आणि एक वरच्या काकूंचं. एवढ्या लांब मराठी बोलणारं माणूस भेटलं म्हणून आई नुसती हरखून गेली होती. काकू पहिल्याच भेटीत गाव कुठलं, आडनाव काय, सगळं विचारून गेल्या. आम्ही बौद्ध. आडनावावरून त्यांना काय कळायचं ते कळलं.

मी त्यांच्या मुलीशी खेळायला वर जायची. चार वाजता काकू सगळ्या पोरांना चहा द्यायच्या. बाकीच्यांना स्टीलच्या पेल्यात आणि मला मात्र काचेच्या कपात, मधासारख्या रंगाच्या. उन्हात धरला की काय सुंदर दिसायचा! मला वाटायचं, काकूंची मी लाडकी. चहा झाला की कप मी स्वतः विसळायचा आणि मोरीच्या खिडकीत पालथा घालायचा, इतर भांड्यांत मिसळायचा नाही. तोही मला मानच वाटायचा. घरी येऊन मी मोठ्या ऐटीत आईला सांगितलं की वर माझा खास कप आहे.

आई कणीक मळत होती. हात थांबले तिचे.

"बाकीच्यांना कशात देतात?"

"स्टीलच्या पेल्यात."

"ते कोण विसळतं?"

"काकू."

आई पुन्हा कणीक मळायला लागली. वर जाऊन भांडली नाही, मला रागावली नाही. दुसऱ्या दिवशी ती बाजारात गेली आणि गवतात गुंडाळलेल्या रंगीत ग्लासांचं खोकं डोक्यावर घेऊन आली. मग दारावर बर्तनवाली आली तेव्हा घरातले होते नव्हते ते सगळे स्टीलचे पेले तिला देऊन टाकले. बाबा हबकलेच. "अगं, काच आहे ही, फुटेल!"

"फुटू दे," आई म्हणाली. "पण ह्या घरात जो येईल तो ह्यातच पिणार. तुमचा साहेब आला तरी आणि झाडूवाली आली तरी. रंग वेगळा मिळेल, ग्लास वेगळा मिळणार नाही."

तो कप मला का मिळायचा, हे तिनं मला पुढं काही वर्षांनी सांगितलं. अंगाची लाही लाही झाली माझी. मला कपाचा राग नव्हता आला. मी खूश होत होते, ह्याचा राग आला. अजूनही येतो. लेकीला मात्र मी ह्यातलं काही सांगितलं नाही. ती दिल्लीत वाढली, शाळेत सगळ्यांच्या डब्यातलं खाऊन मोठी झाली. तिच्या डोक्यात कशाला भरायचं हे, असं वाटायचं.

तर कपाट झालं, फोटो ग्रुपवर गेले आणि ग्रुपमधल्या दोघीजणी एका शनिवारी दुपारी ग्लास बघायला घरी आल्या. लेकीनं पानिपतची नवी सतरंजी अंथरली, दिवे लावले, मी चकल्या तळल्या. दोघी कपाटासमोर उभ्या राहून "हाय, हाय" करत होत्या. बायका वाईट नव्हत्या. एक माझ्या वयाची होती, कॉटनची छान साडी नेसलेली, मला वाकून नमस्कार केला तिनं. लेकीचा चेहरा फुलला होता. मलाही बरं वाटत होतं, का नाही वाटणार?

चहा झाल्यावर आणखी चकल्या आणायला मी आत गेले. आमच्याकडे कामाला येते ती ताई (मी तिला ताई म्हणते, ती मला आंटी) मागच्या बाल्कनीत स्टुलावर बसून चहा पीत होती. हातात स्टीलचा ग्लास. कोरा करकरीत, बुडाला कागदाचं लेबल अजून तसंच.

"ये कहाँ से आया?"

"दीदी लाई हैं," ती म्हणाली. "मेरे लिए."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आमच्या सोसायटीत कामवाल्यांची लिफ्ट वेगळी आहे. त्यावरून मी मीटिंगमध्ये भांडले आणि हरले. ठीक आहे, लिफ्ट सोसायटीची. पण माझ्या उंबऱ्याच्या आत? आईच्या ग्लासांना कपाटात बसवून त्यांच्यापायी बाईला वेगळा पेला? वा रे वा!

मी चकल्यांचा डबा ओट्यावर आपटला, बाहेर आले आणि पाहुण्यांच्या देखत कपाटाची दारं उघडून ग्लास काढायला लागले.

"आई, प्लीज, काय करतेयस?"

"चहा गाळतेय."

"पण आत्ताच तर झाला!"

"एकीचा व्हायचाय."

त्या दोघी बघतच राहिल्या. आता तोंड उघडलंच होतं तर मी सगळं सांगितलं. हिंदीत, उभ्या उभ्या, हातात ग्लास घेऊन. वरच्या काकू, मधाच्या रंगाचा कप, मोरीची खिडकी, आईनं आणलेलं खोकं. आवाज चढला होता माझा, चढू दे म्हटलं. सांगून झालं. मग त्या कॉटनच्या साडीवालीनं हळूच विचारलं, "बहनजी, वो कप... अँबर था? धारियोंवाला? वो तो अब कहीं मिलता ही नहीं. उन लोगों के पास अभी भी होगा क्या?"

मला आधी कळेचना ती काय विचारतेय. कळलं तेव्हा हसूच आलं, पण चांगलं हसू नव्हे.

"तब भी नहीं मिलता था," मी म्हटलं. "सिर्फ़ मुझे मिलता था."

बाई गोऱ्यामोऱ्या झाल्या. लेकीनं मराठीत सुरू केलं, हलक्या आवाजात, पण दात खाऊन. "आई, तिनंच मागितला स्टीलचा. तिला भीती वाटते, हातून काही फुटेल म्हणून. मी मुद्दाम केलं का? मी तशी आहे का?"

"नाहीस," मी म्हटलं. "वेगळा पेला देणाऱ्याकडे चांगलं कारण नेहमीच असतं गं. वरच्या काकूंना विचारलं असतंस तर म्हणाल्या असत्या, पोरीला रंग आवडतो म्हणून देते."

तिच्या ओठांवर 'घर माझं आहे' आलं होतं, मी बघितलं. गिळलं तिनं. म्हणाली असती तरी मी ऐकणार नव्हतेच.

आत जाऊन मी हिरव्या ग्लासात चहा गाळला आणि बाल्कनीत ताईपुढं धरला. ताईनं ग्लासाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आतून डोकावणाऱ्या पाहुण्यांकडे बघितलं. "आंटी, झगड़ा आपके घर का है," ती म्हणाली, "मेरी चाय क्यों ठंडी कर रही हो?" आणि स्टीलचा ग्लास तोंडाला लावून तिनं सगळा चहा संपवला. मी तो हिरवा ग्लास हातात घेऊन खुळ्यासारखी उभी राहिले. पाहुण्या लवकरच निघाल्या.

त्या दिवशी लेक माझ्याशी बोलली नाही. मीही बोलले नाही, माझं कुठं अडलं होतं? दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मात्र ती कपाटापाशी उभी राहून म्हणाली, "ह्यातले आजीनं स्वतः आणलेले कुठले?"

"एकच राहिलाय. तो जांभळा. बाकीचे फुटले तसे ती नि मी बदलत गेलो."

तिनं जांभळा ग्लास काढला, बराच वेळ हातात फिरवला. मग एकेक करत सगळेच काढले आणि स्वयंपाकघरात नेऊन भांड्यांच्या जाळीत ठेवले. सकाळी ताई आली तेव्हा तीन ग्लासांत चहा होता. स्टीलचा ग्लास लेकीनं तिच्या पिशवीत घातला, घरी ने म्हणाली.

"टूटा तो मुझे मत बोलना," ताईनं बजावलं.

"नहीं बोलूँगी," लेक म्हणाली.

म्हणायला काय जातं? मला मनातून ठाऊक होतं, परीक्षा पुढंच आहे. ती फार लांब नव्हतीच. लेक घरूनच काम करत होती, मी भाजी निवडत होते आणि सिंकमधून तो आवाज आला. काच फुटल्यावर येतो तो.

गेले तर सिंकमध्ये जांभळे तुकडे.

बाजारातून डोक्यावर खोकं आणणारी आई दिसली मला. डोळे भरून आले, आणि त्याच वेळी जिभेच्या टोकावर असं काहीतरी आलं जे मी कुठल्याही कामवालीला आयुष्यात कधी बोलले नाही. मी ओठ घट्ट मिटून उभी राहिले. ताईच्या कोपरापर्यंत साबण होता. घाबरली होती, पण मान ताठ. "मैंने पहले ही बोला था," ती म्हणाली.

लेक धावत आली. सिंकमध्ये बघितलं. कुठला फुटला ते तिला कळलं. माझ्याकडे बघितलं तिनं, आणि चेहरा असा झाला तिचा की मला वाटलं, आता संपलं. मग तिनं ताईचा हात नळाखाली धरला. साबण गेला. बोटं उलटसुलट करून बघितली.

"लगा तो नहीं?"

"नहीं लगा," ताई पुटपुटली. मग आमच्या दोघींकडे बघून म्हणाली, "वो स्टील वाला वापस ले आऊँ?"

लेक काही बोलायच्या आत मी बोलले. आवाज माझा मलाच करडा वाटला. "बिल्कुल नहीं. कल से कौन सा लेगी, अभी चुन ले."

ताईनं जाळीकडे बघितलं. घाई केली नाही.

"नीला," ती म्हणाली. "और आंटी, चाय ज़रा कम भरा करो. हाथ जलता है."