ही फाईल कुणाची?

माझ्या साडूंइतका सरळ माणूस अख्ख्या शहापूर तालुक्यात नसेल, आणि त्यांच्याइतका दमवणाराही नसेल. मुरबाडला माझं पत्रिका छापण्याचं दुकान आहे. तिथल्या कॉम्प्युटरवर चोरीचं सॉफ्टवेअर नको, म्हणून त्यांनीच आटगावहून येऊन विंडोजच्या जागी फुकटात मिळणारं लिनक्स घालून दिलं. तेव्हापासून मशीन अडलं की मी त्यांना फोन करतो आणि तो दिवस मनातल्या मनात सोडून देतो. कारण कुठल्याही वस्तूचा मालक कोण, हे ठरल्याशिवाय साडू तिला हात लावत नाहीत. त्यांच्या घरच्या पूजेला भाताच्या पातेल्यावर दोन नावं कोरलेली निघाली. पातेलं नक्की कुणाचं हे कळेपर्यंत त्यांनी पंगत थांबवली. मग तो गारढोण भात आम्हाला आग्रह करकरून वाढला.

परवा अपडेट अर्ध्यावर अडलं. नव्या पॅकेजला, म्हणजे प्रोग्रामच्या फायलींच्या गठ्ठ्याला, फॉन्टची एक फाईल जिथे ठेवायची होती, तिथे जुन्या पॅकेजची त्याच नावाची फाईल आधीच होती. पत्रिकेचा प्रोग्राम काही उघडेना. बाकावर वैशाखरे गावच्या एक बाई बसल्या होत्या. नवरा गेलेला, उत्तरकार्याच्या पत्रिका न्यायला आल्या होत्या.

"जुनीवर नवी बसवून टाका की," मी वैतागून म्हणालो.

"अशी कशी बसवायची? जुन्याची हाय ती. त्याला लागते का नाय, बघाया नको?" साडू म्हणाले आणि निवांत तपासत बसले. मी कपाळाला हात लावला.

"दादा, माझी गाडी जाईल," बाई हळूच म्हणाल्या. "पत्रिका नाय गेली तर यांच्या बहिनी यायच्या नाय. बिनबोलावता कोन येतंय?"

साडूंचे हात थांबले. त्यांनी एकदा बाईंकडे पाहिलं आणि नवी फाईल जबरदस्तीने जुनीवर बसवली. प्रोग्राम उघडला, पत्रिका छापल्या. बाई पिशवी घेऊन स्टँडकडे धावल्या.

मी सुटलो म्हणून चहा मागवला. साडूंनी कप बाजूला सरकवला.

"आज दुसऱ्याची फाईल हिसकावली मी."

मला हसू आलं, पण त्यांचा चेहरा पाहून ते ओसरलं. फार माया वाटली या माणसाची. त्यांनी खुर्ची पुढे ओढली, दोन्ही पॅकेजं काढून टाकली आणि एकमेकांच्या फाईलवर न चढणाऱ्या आवृत्त्या शोधून पहिल्यापासून बसवायला घेतल्या. शेजारची दुकानं बंद झाली. मी किल्ली खिशात ठेवली आणि त्यांच्याजवळ स्टूल ओढून बसलो. मला त्यांना घाई करवेना.