कांद्यांनी तोललेली बाळं

नाशिकरोड स्टेशनवर मला पोचवायला सगळं घर लोटलं होतं, आणि प्रत्येकाचं तोंड वेगळ्या दिशेला. माझे वडील, आप्पा, इंजिनाकडे बघत उभे. आई माझ्या वळकटीच्या गाठी पुन्हा पुन्हा आवळत होती. आत्या तर डब्यातल्या बायकांना ठणकावून सांगत होती, "पोरगी बी. ए. झालीये हो, जरा सरकून घ्या!" गाडी हलली तसे आप्पा म्हणाले, "नाही जमलं तर लाजू नकोस, सरळ परत ये." आई डोळे पुसत म्हणाली, "जमलं तरी ये."

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी काही नाशकातच राहिल्या, काही माझ्यासारख्या बाहेर पडल्या. पण मी नेमकी कसली नोकरी धरली हे दोन्हीकडच्यांनाही अजून उमगलेलं नाही, हे मला ठाऊक आहे. मुंबईतल्या एका कापडगिरणीत मी 'लेडी वेल्फेअर ऑफिसर' झाले. मास्तरीण नाही, नर्स नाही. कांडीखात्यात, म्हणजे सूत गुंडाळायच्या खात्यात, ज्या बायका काम करतात त्यांची भरती, रजा, तक्रारी आणि लेकरंबाळं, सगळं मी बघायचं. आत्याला हे समजावलं तर म्हणते, "माणसं सांभाळायला पगार देतात होय? मग आम्ही काय इतकी वर्षं फुकट सांभाळतोय?"

नोकरी सहा महिन्यांच्या बोलीवर होती. गिरणीने नवंकोरं पाळणाघर बांधलं होतं. ते दिवाळीपर्यंत भरलं तर मी कायम, नाहीतर पाळणाघराला कुलूप आणि मला नाशिकचं तिकीट. नाशकात एका वकिलाचं स्थळ तयारच होतं. माणूस चांगला होता हो, उगाच कशाला नावं ठेवू! पण मला आधी स्वतःच्या पायावर उभं राहून बघायचं होतं, आणि ते मला इतकं हवं होतं की रोज सकाळी मी ते रिकामे पाळणे पुन्हा पुन्हा मोजायचे.

पाळणे रिकामे का, तर गिरणीच्या डॉक्टरांचा नियम. मूल आत घ्यायचं तर आधी तोलायचं, मग दर आठवड्याला तोलायचं. त्यासाठी दोन पारड्यांचा चकचकीत तराजू आणला होता. बायका तो बघूनच मागे फिरायच्या. लेकरांना बाळगोळी चाटवून खोलीवर निजवायच्या आणि कामाला यायच्या. त्या गोळीत अफू असते, ती पोरं नुसती मलूल पडून राहतात, हे त्यांनाही दिसत होतं. मी जीव तोडून सांगायचे. पण कांडीखात्यात शब्द चालायचा तो ठकूबाई नायकिणीचा. ही सिन्नरकडची बाई कामावरच्या साऱ्या बायकांची मुकादम, गिरणीच्या बोलीत नायकीण. कमरेवर हात ठेवून मला म्हणाली, "बाई, लेकराला तोलतं का कोनी? कापसाची गासडी हाय का ती? आकडा तोंडातनं निघाला की दिष्ट लागलीच."

मला राग आला, पण खरं सांगू, तिचं बोलणं ऐकून बरंही वाटलं. विंचूरच्या काकांच्या मळ्यात बायका अशाच बोलायच्या.

आणि त्याच काकांनी मला रेल्वेने कांद्याचं पोतं धाडलं! मी राहायचे त्या वसतिगृहाच्या बाईंनी नाक दाबून सांगितलं, हे इथे नको. मग हमालाच्या डोक्यावर देऊन पोतं गिरणीत आणलं आणि पाळणाघराच्या कोपऱ्यात टाकलं. त्या पोत्याजवळ डोकं धरून बसले असताना मला गूळतुला आठवली. आपल्याकडे नवस फेडताना मूल एका पारड्यात बसवतात, दुसऱ्यात गूळ घालतात, आणि सगळे कसे आनंदात असतात! तेव्हा कुणाला दृष्ट आठवते? गूळ माझ्याकडे नव्हता. कांदे मात्र ढीगभर होते.

दुसऱ्या दिवशी रखमा नावाची बाई लेकराला दाराशी घेऊन घुटमळत होती. तिला म्हटलं, "तोलत नाही गं, आकडा बोलत नाही. नुसते बाळाएवढे कांदे काढून देते, घरी ने." एका पारड्यात बाळ, दुसऱ्यात कांदे. पारडी समान झाली तसं मी बाळ उचलून तिच्या कडेवर दिलं. ते कांद्याचं सुटलेलं साल मुठीत धरून खिदळत होतं. मग रिकाम्या पारड्यात मापं टाकत म्हटलं, "आता मी माझ्या कांद्यांचं वजन करते, त्याला तर हरकत नाही ना?"

ठकूबाई दारात उभी राहून सगळं बघत होती. पारड्यातल्या कांद्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि असं खदाखदा हसली की यंत्रांच्या आवाजातही ऐकू गेलं. "आगं बया! कांद्याला कोनाची दिष्ट लागनार? आना गं पोरींनो, लेकरं आना!"

डॉक्टरांना वजनं मिळाली, बायकांना रस्सा मिळाला. दिवाळीच्या आत पाळणे पुरेनात, आणि काकांना माझी पत्रं जाऊ लागली की अजून कांदे धाडा. ते बिचारे चक्रावले. आप्पांना म्हणाले म्हणे, "मुंबईला पोरगी खाते तरी किती!"

आता मी इथलीच झाले आहे. कुणी आलं नाही तर 'खाडा झाला' म्हणते. नाशकात सकाळी भोंगा वाजत नाही, तर चुकल्याचुकल्यासारखं होतं. आणि इथे थंडीत अंगावर शाल घेतली की गोदाकाठची सकाळ आठवून डोळे भरून येतात. दोन्ही खरं आहे, त्याला काय करणार?

पण पहिल्या दिवाळीचं सांगायचं राहिलं. नोकरी कायम झाल्याचं सांगायला मी घरी गेले. आप्पांनी पेढे आणले आणि वकिलांकडे नकार कळवला, तोही हसत. आई मात्र मला निरखत होती. म्हणाली, "बरी दिसतेस गं. मला वाटलं होतं वाळून येशील. तिथे जेवलीस का म्हणून विचारतं कोण तुला?"

"ठकूबाई," मी म्हटलं. "डबा उघडल्याशिवाय हलूच देत नाही."

मी पुन्हा निघाले तेव्हा आईने करंज्यांचा डबा भरला. मग फळीवरून तेवढाच दुसरा डबा काढला, तोही काठोकाठ भरला आणि फडक्यात गाठ मारून माझ्या हातात दिला. "हा तुझ्या तिथल्या घरी दे," म्हणाली.