परक्या डफावर बाबांचा हात

लकव्यानं बाबांचा उजवा हात गेला, त्याला तीन वर्षं झाली होती. आरमोरीकडच्या आमच्या गावात भीमगीतांच्या मंडळाचं गाणं त्यांच्या डफाशिवाय सुरू होत नसे. आजारानंतर मंडळातले लोक बोलवायला आले की बाबा भिंतीकडे तोंड करून झोपेचं सोंग घ्यायचे.

मी तेव्हा चंद्रपूरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होते. त्या हिवाळ्यात आमच्या सभागृहात पॅलेस्टाइनहून आलेल्या चार कलावंतांचा कार्यक्रम ठरला. मी बाबांना आदल्या दिवशीच एसटीनं घेऊन आले.

"मले काय समजन त्याईची भाषा?" ते कुरकुरले.

"नाई समजली तं नाई. बसून तं राहा."

आम्ही पुढेच बसलो. एकाकडे फुगीर पोटाचं, आखूड मानेचं तंतुवाद्य होतं, त्याला ते ऊद म्हणत. दुसऱ्याकडे बोरूची बासरी होती. तिसऱ्या, पांढऱ्या मिशांच्या माणसानं पिशवीतून चामड्याचं गोल वाद्य काढलं, तसे बाबा सावरून बसले. "आपलाच डफ हाय हा!"

गाणारी बाई इंग्रजीत सांगे आणि एक विद्यार्थिनी त्याचं हिंदी करी. आता म्हणणार ते गाणं जैतुनाची, म्हणजे ऑलिव्हची फळं तोडताना आजी-आई गायच्या, आता त्यातली कित्येक झाडं उरली नाहीत, असं ती म्हणाली. बाबा मला म्हणाले, "मनजे आपल्या धानाच्या रोवणीच्या गाण्यावानी." मग सबंध गाणंभर त्यांचा डावा हात मांडीवर ठेका धरत होता. त्यांना ते कळत नव्हतं. मी मुद्दाम दुसरीकडे पाहिलं.

त्या मिशीवाल्यानं मात्र वरून ते पाहिलं होतं. कार्यक्रम संपल्यावर तो खाली उतरला आणि त्यानं डफ बाबांपुढे धरला. बाबांनी मान हलवली, लुळा हात दाखवला. त्यानं डफ तसाच धरून ठेवला. शेवटी बाबांनी डाव्या हातानं थाप मारली. ती चुकली. दुसरी बरोबर पडली. मधले बारीक बोल तो कडेवर स्वतःच्या बोटांनी भरू लागला. दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत वाजवत होते. थांबले तेव्हा बाबा रडत होते आणि तो माणूस त्यांचा खांदा थोपटत होता.

गावी घरी परतताच बाबांनी मला माळ्यावरचा डफ काढायला लावला. चामड्याचं सैल झालेलं पान चुलीवर शेकून घेतलं. "बस इथी," ते म्हणाले, "तू कडेवर वाजव." मुलींना डफ कोणी शिकवत नसे. मी अडतिसाव्या वर्षी शिकले.

पुढच्या जयंतीला आम्ही दोघं एकाच डफावर बसलो. माझा ठेका घसरला तसे ते भर गाण्यात ओरडले, "काऊन पळून राह्यली वो!" सगळे हसले, बाबाही हसले. अशा दोन जयंत्या मिळाल्या. आता मंडळात मी एकटी वाजवते. चुकते, पण कोणी ओरडत नाही.