वन्संचा गेटवे

सोलापूर जिल्ह्यात आमच्या वन्संइतकी संशयी बाई दुसरी नसेल, आणि असलीच तर वन्सं तिच्यावरही संशय घेतील. वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद. आमच्याकडे नव्या नवरीचं दार अडवायचा मान नणंदेचा. बाकीच्या घरांत तो पाच मिनिटांचा लाडिक खेळ असतो. वन्संनी माझं दार खरोखरच अडवलं. मी पाठ करून आलेला उखाणा लाजत लाजत म्हटला, नवऱ्याचं नाव त्यात नीट बसवलं, सगळ्या बायका हसल्या. वन्सं हसल्या नाहीत. "हे झालं त्याचं नाव. तुमचं काय?" त्यांनी विचारलं. मी माझं नाव, माहेरच्या आडनावासकट, सांगून संपेपर्यंत त्यांचा हात चौकटीवरून हलला नव्हता. मग मात्र त्यांनी माझ्या हातातली जड पिशवी स्वतः घेतली आणि "या आत" म्हणाल्या, ते अशा आवाजात की पुढे या घरात मला कधी परकं वाटलं नाही.

घरातल्या माणसांनाही यातून सुटका नसे. संध्याकाळी बेल वाजली की वन्सं आतून विचारणार, "कोण?" माझे यजमान म्हणणार, "मी." "मी म्हणजे कोण?" "अगं, तुझा भाऊ!" "भाऊ काय कुणीपण म्हणंल की." एकदा तर यजमानांना हातात दुधाच्या पिशव्या धरून, जिन्यात शेजारचं सगळं कुटुंब ऐकत असताना, शाळेतल्या स्वतःच्या चिडवण्याच्या नावाचा उच्चार करावा लागला. तेव्हापासून शेजारची मुलं त्यांना त्याच नावाने ओळखतात. अक्कलकोटच्या मामांना फोनवर "ओळख बघू कोण बोलतोय!" असं खेळकरपणे म्हणायची सवय होती. वन्संनी त्यांना सांगितलं, "ओळखायचं काम माझं न्हाय, सांगायचं काम तुमचं," आणि फोन ठेवला. मामा पुढच्या दिवाळीपर्यंत आमच्याशी बोलले नाहीत. नवी पेठेत साडी घ्यायला गेलो की दुकानदार पहिल्या घडीतच "ताई, प्युअर आहे" म्हणायची चूक करी, आणि मग वन्सं पदराच्या टोकाचा एक धागा ओढून, चोळून, नाकाशी नेऊन त्याची चौकशी चालू करत. बाकीची गिऱ्हाइकंही आपापल्या साड्यांचे धागे ओढू लागत. एका दुकानात तर आम्हाला बघितल्याबरोबर पंखा बंद करून मोठा दिवा लावतात.

अशा बाईला देवाने नोकरीही अगदी बेतून दिली. होटगी रोडला एक छोटी सॉफ्टवेअर कंपनी आहे, तिथे वन्सं सिस्टीम सांभाळतात. जिल्ह्यातली लहान-मोठी हॉस्पिटलं रक्ताची मागणी नोंदवतात, कुठल्या रक्तपेढीत कुठल्या गटाची पिशवी आहे ते बघतात, ती सगळी व्यवस्था या कंपनीची. मी एकदा भाकऱ्या थापता थापता विचारलं की तुम्ही नेमकं करता काय. वन्संनी सांगितलं की त्यांचं सॉफ्टवेअर एकसंध नाही. त्याचे लहान लहान तुकडे आपापल्या कंटेनरमध्ये चालतात, अनेक कॉम्प्युटरांवर पसरलेले, आणि एखादा बंद पडला की त्याच्या जागी दुसरा आपोआप उभा राहतो. या सगळ्या जथ्याला ते लोक क्लस्टर म्हणतात. "म्हणजे मिसळणाचा डबा," मी म्हटलं. "वहिनी, डबा न्हाय. प्रोग्राम." असं म्हणून त्यांनी ताटात आणखी एक भाकरी घेतली आणि खरं दुखणं सांगितलं. या तुकड्यांना बाहेरून यायच्या वाटा फार झाल्या होत्या. घाईघाईत कुणी एक उघडलेली, कुणी दुसरी. वन्संना हवा होता सगळ्यांच्या पुढे एकच गेटवे. आत येणाऱ्या प्रत्येकाने आधी तिथे थांबायचं, आपण कोण ते सिद्ध करायचं, आणि कशाला आलो ते सांगायचं. थोडक्यात, क्लस्टरच्या दारात वन्संना वन्सं बसवायच्या होत्या.

साहेबांचा होकार मिळवायला त्यांना पुष्कळ दिवस लागले. साहेब भला माणूस, पण प्रत्येक गोष्टीला "बघू की मॅडम" म्हणणारा. शेवटी कुठल्याशा दुसऱ्या राज्यातल्या हॉस्पिटलचं सॉफ्टवेअर चोरांनी आतून कुलूप लावून बंद पाडल्याची बातमी आली, आणि साहेब स्वतःच वन्संच्या टेबलाशी येऊन "ते तुमचं गेट बसवाच" म्हणाले. वन्संनी गेटवे बसवला. पण लगेच कुणाला अडवायची मुभा त्याला दिली नाही. आधी नुसतं बघायचं, कोण येतं, कसं येतं, कुणावर संशय येतो ते टिपायचं. मला नवल वाटलं. साक्षात भावाला जिन्यात उभं करणारी बाई इथे एवढी सबुरीने का वागते? त्या म्हणाल्या, "चुकून चोर आत आला तर मी निस्तरीन. चुकून पेशंट बाहेर राहिला तर काय करू?"

आणि एक संशयित सापडलाच. नातेपुत्याच्या पलीकडच्या एका छोट्या हॉस्पिटलातून एकाच पत्त्यावरून एकामागून एक, एकसारख्या मागण्या येत होत्या. धाडधाड, माणसाच्या बोटांना न शोभणाऱ्या वेगाने. गेटवेच्या हिशेबी हा उघड हल्ला. साहेब म्हणाले, "मॅडम, टाका बंद करून, सोमवारी अडवणं सुरू करायचंय." वन्सं नाही म्हणाल्या. "मी जाऊन बघून येते." साहेबांनी विचारलं, कॉम्प्युटरवर दिसत नाही का? "कॉम्प्युटरवर पत्ता दिसतो, माणूस दिसत न्हाय," वन्सं म्हणाल्या आणि रजा टाकून सकाळच्या एसटीने निघाल्या.

तिथे भेटल्या त्या एक सिस्टर. हॉस्पिटलातल्या सगळ्या मोबाईलांना नेट एकाच फोनवरून मिळे, आणि तो फोन खिडकीच्या गजाला फडक्याने बांधलेला, कारण रेंज तेवढ्या जागीच यायची. सिस्टरनी हौसेने करून दाखवलं. "ह्ये बगा ताई, एकदा दाबून काय हुतंय? चाक नुसतं फिरतंय. मग मी दाबतच ऱ्हाते. बाई हितं रक्तानं न्हाऊन निघालीय, आन मी चाक बगत बसू व्हय?" रेंज आली की अडकलेल्या सगळ्या मागण्या एकदम सुटायच्या. तो होता हल्ला. वन्संनी सिस्टरच्या हातचा चहा घेतला, दिवसभर तिथेच बसून राहिल्या, आणि परत आल्यावर साहेबांना सांगितलं की सोमवार विसरा. मग त्यांनी प्रत्येक हॉस्पिटलच्या ॲपला स्वतःची वेगळी ओळख दिली. पत्ता एक असला तरी माणसं वेगळी मोजली जावीत, आणि घाबरून दहादा दाबलेली मागणी एकच समजावी, अशी तजवीज केली. त्यासाठी जेवढ्या हॉस्पिटलांना जाता आलं तेवढ्यांना त्या जाऊन आल्या. साहेब कुरकुरले. यजमान म्हणाले, "तुझ्यापेक्षा एसटीचा कंडक्टर घरी जास्त असतो."

गेटवेने अडवायला सुरुवात केली आणि काही आठवड्यांनी ती दुपार आली. वन्संना बारीक ताप होता, म्हणून त्या घरूनच काम करत होत्या. मी समोर गवार मोडत होते. एकाएकी त्यांनी हातातला पेला खाली ठेवला. पडद्यावर ओळी धावत होत्या. कुठून कुठून, देशाबाहेरूनसुद्धा, खोट्या ओळखीने आत शिरायचा प्रयत्न चालला होता, आणि तो थांबत नव्हता. साहेबांचा फोन आला. स्पीकरवर त्यांचा आवाज चिरकत होता, "मॅडम, सगळंच बंद करा! पूर्ण बंद!" वन्संचा आवाज हलला नाही. "न्हाय. आतली माणसं काम करायलेत." "अहो, जबाबदारी कोण घेणार?" "मी घेते की."

नंतर फोन चालूच राहिला. वन्सं एकेक ओळ बघत होत्या. नकार, नकार, नकार, नुसते लाल नकार. मग मध्येच एक हिरवी ओळ आली आणि वन्संनी माझा हात इतका घट्ट धरला की त्यातली गवार चिरडली. "नातेपुत्याकडच्या सिस्टर," त्या म्हणाल्या. ओ निगेटिव्ह, तातडीचं. मागणी आत गेली, रक्तपेढीने घेतली, पिशवी निघाल्याची नोंद झाली. भोवती तो सगळा दंगा चालू असताना. थोड्या वेळाने हल्ला ओसरला. वन्संनी पदराने डोळे पुसले, मला म्हणाल्या, "ताप आहे ना, म्हणून पाणी येतंय," आणि थर्मामीटर मागितला. ताप उतरलेला होता. मी तसं सांगितलं नाही.

नंतर सिस्टरनी बोलावलं म्हणून आम्ही दोघी तिकडे जाऊन आलो. ज्या बाईला रक्त लागलं होतं ती बाळाला लस टोचून घ्यायला आली होती. सिस्टरनी ओळख करून दिली, "ह्या सोलापूरच्या ताई. नेटचं बगत्यात." बाई पदर सावरून म्हणाली, "आमच्या गावात बी लई प्रॉब्लेम हाय ताई नेटचा." मला राहवेना. मी तोंड उघडलं, सगळं सांगणार होते, त्या दुपारचं, लाल ओळींचं, साहेबांचं. वन्संनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. मग बाईला म्हणाल्या, "गावाचं नाव सांगून ठेवा, बघते," आणि बाळाकडे हात पुढे केले. बाळाने रडून गाव गोळा केलं. वन्सं खूश झाल्या. "हुशार आहे. अनोळखी माणसाकडे जात न्हाय."

परतीच्या एसटीत गर्दी होती. ऊन कलत होतं, खिडकीबाहेर ज्वारीची रानं पिवळी पडली होती. मी अजून घुश्श्यातच होते, की एवढं केलं आणि कुणाला काही कळलंसुद्धा नाही. तेवढं बोलून दाखवावं म्हणून वळले तर वन्सं झोपल्या होत्या. त्या अनोळखी माणसांनी भरलेल्या गाडीत, माझ्या खांद्यावर डोकं टाकून, तोंड किंचित उघडं, मांडीवर पर्स तशीच उघडी. इतक्या वर्षांत त्यांच्या केसांत एवढं पांढरं झालंय हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी त्यांच्या पर्सची चेन हळूच लावली, ती माझ्या मांडीवर घेतली, आणि सोलापूर येईपर्यंत खांदा हलवला नाही.