पाचचा गजर

रखडलेलं लिखाण पुरं करायचं म्हणून आज पाचला उठले. चहा घेऊन गॅलरीत आले, तर शेजारचे निवृत्त मास्तर रस्त्यावरून छत्रीच्या मुठीने आमच्या जास्वंदीची फांदी ओढत होते. मला पाहून ओशाळले.

"देवापुरती दोनच घेतो," म्हणाले. हातातली पिशवी मात्र चांगली फुगली होती.

आमचं झाड फुलतच नाही, असं मी वर्षभर समजत होते. छत्री पोचत नव्हती ती वरची फांदी मीच गॅलरीतून वाकवून दिली.

लिखाणाची एक ओळही झाली नाही. लवकर उठून कामं जास्त होतात का, देव जाणे. आपलं झाड रोज फुलतं, एवढं कळलं. उद्याचाही गजर पाचचाच लावलाय. मास्तरांचा हात त्या वरच्या फांदीपर्यंत पोचत नाही.