घंटेची खुशाली

डेट्रॉइटजवळच्या ट्रॉयमध्ये कुणाच्याही घरी जेवायला गेले की फाउंड्रीकाका आधी ताट वाजवून बघायचे. बोटाच्या पेराने एक ठोका, मान तिरकी, आणि मग निकाल. "दिसायला छान आहे, पण घाईत केलंय," हे ते यजमानीणबाईंच्या तोंडावर सांगत. डेट्रॉइटच्या एका मोटार कारखान्यात इंजिनाचे भाग ओतण्यात त्यांची उभी नोकरी गेली होती, त्यामुळे कुणी वाद घालत नसे.

आमच्या मराठी मंडळाने गणपतीसाठी पितळी घंटा मागवली, ती काकांनी खोक्यातच वाजवली आणि परत करायला लावली. अध्यक्ष वैतागून म्हणाला, काका, आवाज तर येतोय ना यार. "आवाज पत्र्याच्या डब्याचाही येतो," काका म्हणाले. त्या वर्षीची आरती आम्ही टाळ्यांवर भागवली.

या कानाचं मूळ साताऱ्याकडच्या त्यांच्या गावात होतं. तिथल्या महादेवाच्या देवळात एक पोर्तुगीज घंटा आहे. मराठ्यांनी वसई जिंकल्यावर चर्चमधल्या घंटा उतरवून ठिकठिकाणच्या देवळांत नेल्या, त्यांतली ही एक. तिच्यावर अजून क्रूस आहे. लहानपणी संध्याकाळच्या आरतीला ती वाजवायचा मान काकांच्या घराकडे होता.

मंडळाच्या सहली मी आखते. पोर्तुगालच्या आलेंतेजू प्रांताची सहल जाहीर केली, तेव्हा ब्याऐंशी वर्षांच्या काकांचं नाव सगळ्यात आधी आलं. सोबत एक अट होती. तिथल्या कुठल्याही देवळात, म्हणजे चर्चमध्ये, कुणाला तरी सांगायचं की तुमची घंटा आमच्याकडे सुखरूप आहे. "लेक नांदतेय एवढं माहेरी कळवायला नको?"

मी म्हटलं, काका, ही लेक दिलेली नाही, पळवून आणलेली आहे.

"मग तर कळवायलाच हवं."

मी सूचनांच्या कागदात सातवी सूचना घातली: स्थानिक लोकांशी इतिहासावर बोलू नये. ती कुणासाठी आहे हे अकराही जणांना कळलं. काकांनी तो कागद घडी करून चष्म्याच्या डबीत ठेवला, आणि वाचला नाही.

एव्होरा शहरात आम्ही रोमन खांब पाहिले, हाडांनी मढवलेलं प्रार्थनाघर पाहिलं. काका मात्र माणूस शोधत होते. तिकीटखिडकीवरच्या मुलीच्या मागे रांग होती. एक पाद्री भेटले, ते लग्न लावायला निघाले होते. बाटल्यांची बुचं करायला झाडांची साल काढून खोडावर त्या वर्षाचा आकडा रंगवतात, हे बघून काका मला माझ्या याद्यांवरून पाडलेल्या नावाने म्हणाले, "यादीबाई, ही झाडं तुमच्याच शाळेतली." पण चौथ्या संध्याकाळी जेवताना त्यांनी ताट वाजवून पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही लिस्बनला परतणार होतो, आणि त्यांचं सांगायचं राहिलं होतं.

सकाळी मी फरशांचा कारखाना कॅन्सल केला आणि व्हॅन वाटेतल्या एका पांढऱ्याशुभ्र गावात थांबवली. चर्चची राखणदार बाई कुलूप लावत होती. सत्तरीची, काळा स्वेटर. न्यू जर्सीत वीस वर्षं काम करून परतलेली, त्यामुळे इंग्लिश स्वच्छ. काकांनी टोपी काढून सगळं सांगितलं. लढाईसकट.

तिने किल्ली कुलपातच ठेवली. "म्हणजे तुम्ही आमची घंटा चोरलीत."

मी मधे पडणार होते. काकांनी हाताने थांबवलं.

"जिंकली. चोरली असती तर लपवून ठेवली असती. आम्ही रोज वाजवतो, सगळ्या गावाला ऐकू जाते."

 तिने विचारलं, चिरली तर नाही ना? काका म्हणाले, केसाएवढीही नाही, मी दर खेपेला तपासतो.

"परत देणार?"

"नाही. पण ऐकायला कधीही या."

ती हसली. मग तिने किल्ली उलटी फिरवली आणि आम्हाला आत घेतलं. दोर तिने काकांच्या हातात दिला. त्यांनी एकदाच ओढला. आवाज पूर्ण विरेपर्यंत आमच्यापैकी कुणी फोनसुद्धा काढला नाही. विमानाची, व्हॅनची, जेवणाची सगळी वेळापत्रकं माझ्या हातात होती, आणि मला या माणसाचा इतका अभिमान वाटला की मी घड्याळ पाहिलं नाही.

काका गेल्या फेब्रुवारीत गेले. कळवायच्या लोकांत मी चर्चच्या त्या राखणदार बाईंनाही लिहिलं, निघताना त्यांनी पत्ता दिला होता. दुसऱ्या दिवशी त्यांचं उत्तर आलं, एका ओळीचं: त्यांच्या गावात संध्याकाळची आरती किती वाजता असते?

मी काकांच्या पुतण्याला गावी फोन करून विचारलं. सात वाजता. म्हणजे पोर्तुगालमध्ये दुपारी दीड. तसं मी कळवलं.

तेराव्या दिवशी ट्रॉयमध्ये सकाळचे साडेआठ वाजले, बाहेर बर्फ होता. पुतण्याने गावातून फोन लावून देवळाच्या पायरीवर ठेवला होता, बाईंनी त्यांचा मनोऱ्याखाली. मी दोन्हीकडे "हं" म्हटलं.

दोन्ही घंटा एकदम वाजल्या.