खिशातला वाळा

नातीने आजोबांची जुनी लेन्स तिच्या रोलच्या कॅमेऱ्याला बसवायला एक कडी मागवली. "आजी, हिच्याशिवाय ती लागतच नाही गं," म्हणत तिने ती माझ्या हातावर ठेवली आणि मला परळची आमची खोली आठवली.

लग्नाला पाच वर्षं झाली होती, अजून मूल नव्हतं. ह्यांचा शर्ट धुवायला घेतला तर खिशात अशीच चकचकीत कडी. तान्ह्या बाळाचा वाळाच जणू.

"कुणाच्या पोराचा हा?"

हे हसले. "अगं, जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्याला लागत नाही. गिरणीत लेथवर कडी करून घेतली."

"मला शिकवू नका. दुसरा वाळा कुठाय?"

ह्यांचं हसू गेलं. कडी फिरवून लेन्स बसवली, ती बसलीही. तरी माझा संशय गेला नाही.

त्यानंतर जन्मभर हे खिसे उलटे करूनच शर्ट धुवायला टाकत. मला वाटायचं, काहीतरी लपवतात. मूल त्यांनाही हवं होतं, माझा तो प्रश्न त्यांना लागला असेल, हे तेव्हा माझ्या डोक्यातच आलं नाही.